जोडप्रवेश

प्रतिरूपाशी बोलायला प्रत्येकाला थोडाच वेळ मिळे, आणि त्यातला बराचसा शरयू वाकोडेनं गप्प बसून घालवला. समोरच्या पडद्यावर चेहरा नव्हता, नुसता आवाज होता. पण तो तिचाच आवाज होता, थोडा जाडसर, थोडा थकलेला. पुण्याच्या मुळा तंत्रज्ञान विद्यापीठात चार वर्षं काढून बाहेर पडलेल्या शरयूचा. खरी शरयू आत्ताच बारावी झाली होती. सकाळच्या बसनं ती दर्यापूरहून अमरावतीच्या प्रवेश मार्गदर्शन केंद्रात आली होती आणि कुठल्याही विद्यापीठाची पायरी अजून चढली नव्हती.

"विचार न काहीतरी," मागे बसलेले बाबा म्हणाले.

तिनं वसतिगृहाचं विचारलं, अभ्यासाचं विचारलं. प्रतिरूपानं सरळ उत्तरं दिली. पहिलं वर्ष जड गेलं, मग जमलं. नोकरी लागली आहे, बंगळुरूला. बाबांनी समाधानानं खुर्ची पुढे ओढली.

"आणि निलोफर?" शरयूनं विचारलं.

"बोलणं होत नाही आता फारसं," आवाज म्हणाला. आज ढगाळ आहे, हे सांगावं तसं.

केंद्रातल्या समुपदेशक राठी मॅडमनी सुचवलं की एखादं गणित घालून पाहा, आपण किती पुढे गेलो ते कळतं. शरयूनं विहिरीच्या पाझराचं एक गणित घातलं. बारावीच्या शेवटी तेच तिला छळत होतं. प्रतिरूप म्हणालं, "थांब. आधी हे सांग, मीठ जातं कुठे?"

पुढे त्यानं गणित सोडवलंही, पण शरयूचं लक्ष उडालं होतं. हे वाक्य तिचं नव्हतं. असं ती कधीच बोलत नसे. हे तिची मैत्रीण निलोफर बोलायची.

*

राज्यातल्या शाळांमधून वह्या जाऊन पाट्या आल्या त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पाटी म्हणजे काचेचा पातळ पडदा, त्यावर लेखणीनं लिहायचं. ती फक्त उत्तर तपासत नसे. मूल कुठे अडलं, काय खोडलं, कोणत्या ओळीवर डोळे परत परत गेले, कंटाळून पाटी कधी बाजूला ठेवली, हे सगळं ती टिपून घेई. दहा वर्षांच्या अशा टिपणांतून त्या मुलाच्या विचार करण्याच्या पद्धतीचा एक नमुना तयार होई. त्यालाच प्रतिरूप म्हणत.

दुसरीकडे प्रत्येक विद्यापीठाचाही नमुना होता, तिथून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून बनवलेला. मुलाचं प्रतिरूप विद्यापीठाच्या नमुन्यात सोडायचं आणि चार वर्षं झरझर पळवायची, असं हजार वेळा. दर वेळी काहीतरी वेगळं घडे. कधी आजारपण, कधी वाईट खोलीसोबती, कधी चांगला शिक्षक. त्यांतून किती वेळा मूल धड पदवी घेऊन बाहेर पडलं, त्याचं शेकडा प्रमाण म्हणजे त्याचा आकडा. हा हवामानाच्या अंदाजासारखा अंदाज आहे, असं ज्यांनी तो शोधला त्यांनी बजावून सांगितलं होतं. पण अंदाज हातात आला की माणसं छत्री घेऊनच निघतात.

पुढे संशोधकांना एक विचित्र गोष्ट दिसली. नमुन्यातून एखादा शिक्षक काढून टाकला तर निकाल थोडा बदले. शेजारी बसणारा मित्र काढला तर मात्र बराच बदले. तेव्हापासून अहवालात सहवासाचा आकडाही यायला लागला. कुणासोबत तुम्ही तराल, कुणाशिवाय बुडाल. अर्धवट शिक्षण सोडणाऱ्या मुलांमुळे विद्यापीठांचं नाव खराब होई, म्हणून त्यांनी त्यावरून जोडप्रवेश सुरू केला. कच्च्या आकड्याच्या मुलाला जागा द्यायची, पण त्याला ओढून नेणारा सोबती त्याच विद्यापीठात येत असेल तरच.

निलोफर काझीला असाच प्रवेश मिळाला होता, मूर्तिजापूरच्या पूर्णा जलतंत्र विद्यापीठात. एकटीनं तिचा आकडा अडतीस होता, शरयूसोबत चौऱ्याहत्तर. शरयू तिथे गेली तरच निलोफरला जागा होती.

शरयूचा आकडा पूर्णात एकसष्ट आणि पुण्याला त्र्याऐंशी होता. तिला जागा दोन्हीकडे मिळत होती.

*

दोघींनी पूर्णा विद्यापीठाचं नाव नववीतच काढलं होतं. दर्यापूरचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, बोअरचं त्याहून वाईट. शरयूची आई सुनंदा तिथल्या दवाखान्यात डायलिसिसच्या विभागात नर्स होती. असलं पाणी पिऊन मूत्रपिंडं बिघडलेली आसपासच्या खेड्यांतली माणसं आठवड्यातून दोनदा येऊन यंत्राला जोडून पडत. काहींना ती वर्षानुवर्षं ओळखत होती. घरी आल्यावर ती फारसं बोलत नसे, पण कधी जेवताना सांगे की आज अमका आला नाही, आणि तो का आला नाही हे कुणी विचारत नसे. उन्हाच्या उष्णतेवर खाऱ्या पाण्यातलं मीठ वेगळं काढणारे पापुद्रे बनवायचं काम पूर्णा विद्यापीठात चालू होतं. मोठी यंत्रं नाहीत, वीज नाही, एका घराला पुरेल एवढं पाणी. ते काम आपण करायचं, असं दोघींचं ठरलेलं होतं.

आता बाबा त्यावर काही ऐकायला तयार नव्हते. ते एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कुठे अडकेल हे आधी कळावं, अशी आयुष्यभर इच्छा असलेला माणूस. आणि इथे आयतं कळून राहिलं होतं. आपल्या पोरीनं दुसऱ्याच्या पोरीला पाठुंगळी घेऊन चार वर्षं का चालायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तो ते रोज वेगवेगळ्या शब्दांत विचारत.

काझी सरांच्या घरी त्याहून अवघड झालं. निलोफरचे वडील उर्दू शाळेत शिकवायचे. शरयू दारात चपला वाकड्या काढायची तेव्हा ते तिला स्वतःच्या मुलीसारखं रागवायचे. अहवाल आल्यापासून ते तिला आग्रहानं बसवायला लागले होते. अहो-जाहो करत नव्हते इतकंच, पण ती आली की खुर्ची पुसून देत. पूर्णाचं काय ठरलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. शरयूला तिथे बसवेना. निलोफर तर आतल्या खोलीतून बाहेरच यायची नाही, आली तर पाण्याचा पेला ठेवून परत जायची.

प्रतिरूपाच्या तोंडून ते वाक्य ऐकलं त्याच दिवशी शरयू बसमधून उतरून थेट काझी सरांकडे गेली आणि निलोफरला गच्चीवर घेऊन गेली.

काय झालं असावं हे तिला परतीच्या वाटेतच उमगलं होतं. नववीत निलोफरच्या पाटीची काच तडकली होती. शाळेनं बदलून दिलेली पाटी जुनी होती, तिच्यावर अक्षरं थरथरत. तेव्हापासून दोघी दुपारी शरयूच्या घरी, शरयूच्याच पाटीवर अभ्यास करत. निलोफर बोलायची, येरझाऱ्या घालायची, प्रश्न उलटसुलट करायची. शरयू ते तसंच्या तसं लिहायची. पाटीला हात एकच दिसे आणि डोळे शरयूचे. जे सुचलं ते सगळं शरयूच्या नावावर साठत गेलं. निलोफरची पाटी दप्तरात पडून असे आणि तिच्या नावावर नुसते लांबलचक थांबे जमा होत.

"म्हणजे अडतीस खोटे आहेत," शरयू म्हणाली. "आणि माझे त्र्याऐंशीपण. त्यात अर्धी तू आहेस."

निलोफरला आनंद होईल अशी तिची कल्पना होती. निलोफर कठड्याला टेकली.

"चार वर्षं मी तुझ्यासमोर बोलून राहिली होती," ती म्हणाली. "आणि तुला कळायला यंत्र लागलं?"

निलोफरला आपण शिकवतो, असं तीही धरून चालली होती. शाळेतही सगळे तसंच म्हणत, आणि तिनं कुणाचं म्हणणं कधी खोडून काढलं नव्हतं.

*

दुरुस्ती करून घ्यायची, असं शरयूनं ठरवलं. ती पुन्हा अमरावतीला गेली. राठी मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की केंद्र फक्त अहवाल देतं, तो तयार करत नाही. अहवाल तयार करणाऱ्यांच्या मदतवाहिनीवर एका नम्र आवाजानं तिला सांगितलं की पाटीची नोंद शाळेच्या अखत्यारीत येते. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं की नोंद एकदा वर गेली की शाळेच्या हातात काही राहत नाही. तिनं लेखी तक्रार केली. उत्तर आलं, सभ्य भाषेत, की तक्रारीचा अवश्य विचार केला जाईल, मात्र सदर कालावधीत कोणता विचार कोणत्या विद्यार्थिनीचा होता याचा पुरावा सोबत जोडावा.

तिनं ते उत्तर आईला वाचून दाखवलं. आईला हसू आलं, शरयूला आलं नाही. कुठेही कुणी तिच्यावर ओरडलं नव्हतं, कुणी दार लावून घेतलं नव्हतं. प्रत्येकानं तिचं ऐकून घेऊन तिला पुढच्या माणसाकडे पाठवलं होतं. भांडायला समोर माणूसच नव्हता.

बाबांना तक्रारीचं कळलं तेव्हा ते हादरले.

"तुला समजून राहिलं का, तू काय करते ते?" ते म्हणाले. "तिचा आकडा वर गेला की तुझा खाली येईल. पुण्याची जागा अजून पक्की नाही झाली."

"पण तो आकडा माझा नाहीच, बाबा."

"तुझ्या पाटीवर आहे न? मग तुझाच."

शरयूला सगळ्यांचा राग येत होता. बाबांचा, राठी मॅडमचा, स्वतःचं मोठेपण गप्प बसून लपवल्याबद्दल निलोफरचाही. आणि या सगळ्याखाली एक भीती होती, जिच्याकडे बघायची तिची तयारी नव्हती. आकड्यातून निलोफर वजा केली, तर आपण किती उरतो?

शेवटी मार्ग निलोफरनंच काढला. जिथे शिकायचं आहे तिथल्या माणसाला जाऊन भेटू, एवढंच तिचं म्हणणं होतं. पूर्णा विद्यापीठात पापुद्र्यांचं काम डॉ. वैजयंती तायडे चालवत. दोघी न कळवताच मूर्तिजापूरला गेल्या. इमारत नवी होती, झाडं अजून कमरेएवढी. तायडे मॅडम प्रयोगशाळेच्या ओट्यावर डबा उघडून जेवायला बसल्या होत्या. जेवता जेवताच त्यांनी सगळं ऐकलं.

"अहवाल मला बदलता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या विभागात एक जागा अशी आहे, की तिथे आकडा बंधनकारक नाही. ती कुणाला द्यायची हे मी ठरवते. निलोफर, तू बसशील परीक्षेला? आत्ता?"

"मीपण बसते," शरयू म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मॅडमनी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, कोरे कागद दिले आणि एकच प्रश्न सांगितला. एका गावात दोन विहिरी आहेत, जवळजवळ. पहिली उन्हाळ्यात जास्त खारट होते, दुसरी पावसाळ्यानंतर. असं का होत असेल, आणि ते तुम्ही कसं तपासाल?

शरयूनं कागद सरळ केला आणि वाट पाहिली. हे तिला नंतर फार लाजिरवाणं वाटलं, पण ती खरोखर वाट पाहत होती. कुणीतरी येरझाऱ्या घालत बोलायला लागेल, मग आपण लिहू. खोलीत पंख्याचा आवाज होता. प्रश्नात विहिरींची खोली दिलेली नव्हती, क्षारांचं प्रमाण दिलेलं नव्हतं, धरायला काहीच नव्हतं. मग तिनं काही आकडे स्वतःच गृहीत धरले, पाझराचं सूत्र मांडलं आणि सुबक अक्षरात ते शेवटपर्यंत सोडवलं. उत्तर आलं तेव्हा तिला बरं वाटलं, आणि ते कशाचं उत्तर आहे हे तिचं तिलाच सांगता येईना.

तायडे मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. निलोफरच्या कागदावर बाण होते, खोडाखोड होती, प्रश्न होते. दुसऱ्या विहिरीच्या वरच्या अंगाला मिठानं फुललेली जमीन असेल का? पावसाचं पाणी ते मीठ धुऊन विहिरीत आणत असेल का? पहिल्या मोठ्या पावसानंतर रोज पाणी घेऊन पाहावं. किती मीठ येईल याचा हिशेब मात्र तिनं असा चुकवला होता, की विहिरीत पाण्यापेक्षा मीठ जास्त निघत होतं.

"तुझी आकडेमोड भयंकर आहे," मॅडम निलोफरला म्हणाल्या. "पहिल्या वर्षी तू रडशील. पण तू प्रश्न ओळखलास. जागा तुला देते. सोबतीची अट नाही."

मग त्या शरयूकडे वळल्या. त्यांच्या आवाजात कुठे टोचणी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

"तुझं उत्तर बरोबर आहे. फक्त तो प्रश्न मी विचारला नव्हता."

*

परतीच्या बसमध्ये दोघींना एकाच बाकावर जागा मिळाली. निलोफरनं वडिलांना फोन करून सांगितलं. फोन ठेवल्यावर तिनं शरयूचा हात धरला आणि सोडला. आता शरयूवर कुणाची जागा अवलंबून नव्हती. ती मोकळी होती. पण मोकळं झाल्यासारखं तिला वाटत नव्हतं, कुणीतरी खालचा आधार काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

घरी बाबा खुश झाले. तिढा सुटला होता. निलोफरला जागा मिळाली, आता शरयू निर्धास्तपणे पुण्याला जाऊ शकते, असं ते दोन-तीन जणांना फोनवर सांगूनही बसले. ते बोलत असताना आईनं शरयूला स्वयंपाकघरात बोलावलं. कणीक मळता मळता तिनं विचारलं, "तुला काय पाहिजे?"

शरयूनं तोंड उघडलं आणि तिच्या मनात पहिल्यांदा आला तो आकडा. त्र्याऐंशी. मग एकसष्ट. अहवाल आल्यापासून ती एकतर आकड्याच्या बाजूनं भांडत होती, नाहीतर त्याच्या विरुद्ध. तिला काय पाहिजे हे तिनं स्वतःला विचारलंच नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि आईनं ते उत्तर असल्यासारखं मान्य केलं.

पुढचे काही दिवस ती चिडचिडी होती. पुण्याचा विचार केला की तिला एक मोठा वर्ग दिसे. तिथे सगळे तिला त्र्याऐंशीची मुलगी समजून वागतील, आणि ती रोज कोऱ्या कागदापुढे कुणाची तरी वाट पाहत बसेल. कुणाला सांगताही येणार नाही. मूर्तिजापूरचा विचार केला की तायडे मॅडमचं ते वाक्य आठवे आणि कानाच्या पाळ्या तापत. दोन्हीकडे काही सुखाचं नव्हतं.

जागा पक्की करायची वेळ आली त्या सकाळी ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं पूर्णा सांगितलं. बाबांनी विचारलं, निलोफरसाठी का? ती नाही म्हणाली. मग पाण्यासाठी? पापुद्रे, दवाखाना, ते सगळं? तेही थोडं होतं, पण तेवढंच नव्हतं.

"तिथे एक माणूस आहे, ज्याला माहीत आहे की मला काय येत नाही," ती म्हणाली. "पुण्याला कुणालाच माहीत नसेल."

बाबांना ते पटलं नाही, आणि पुढेही कधी पटल्याचं त्यांनी दाखवलं नाही. त्र्याऐंशी टाकून एकसष्ट घेणारी माणसं त्यांच्या आगारात कुणी नव्हती. वसतिगृहात पोहोचवायला मात्र ते आले. गादीची वळकटी स्वतः खांद्यावर घेऊन तीन जिने चढले, खिडकीची कडी लागते का ते दोनदा पाहिलं, आणि शरयूशी एक शब्द न बोलता आईला म्हणाले की इथलं पाणी पिण्याआधी गाळून घ्यायला सांग तिला.

निलोफर त्याच वसतिगृहात, खालच्या मजल्यावर होती. संध्याकाळी ती वर आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं जे सांगायचं होतं ते सांगितलं.

"वर्गात माझ्या शेजारी बसू नकोस. पहिलं वर्ष तरी."

"तुला गणित जमणार नाही," शरयू म्हणाली.

"नाही जमणार. आणि तुला बाकीचं जमणार नाही." निलोफर उठली. "जेवायला सोबत जाऊ. वर्गात नको."

शरयूला ते बोचलं. रागही आला, कारण ते बरोबर होतं.

पहिल्या तासाला शरयू उजवीकडच्या कोपऱ्यात बसली. निलोफर बरीच पुढे होती, तिच्या शेजारी अकोल्याचा कुणी मुलगा होता. तायडे मॅडमनी फळ्यावर जमिनीचे थर काढले, एक रेघ मारून पाण्याची पातळी दाखवली आणि विचारलं की या चित्रावरून काय काय कळत नाही. वर्गानं भराभर माना खाली घातल्या. शरयूनंही घातली. तिच्या समोरचा कागद कोरा होता. तिनं सवयीनं लेखणी टेकवली आणि कुणी बोलण्याची वाट पाहिली, मग आपण काय करतो आहोत हे तिच्या लक्षात आलं.

तिनं हात वर केला. काय विचारायचं हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

"बोल," मॅडम म्हणाल्या.

"ही रेघ," शरयू म्हणाली, "ही सरळ का काढली?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅडमनी समजावून सांगितलं. सगळीकडे पातळी सारखी धरली आहे, सोपं जावं म्हणून. हे तर शाळेतच शिकवतात. शरयूला ते समजलं, आणि समजूनही कुठेतरी अडलं. निलोफरनं मागे वळून पाहिलं नाही.

शरयूनं पुन्हा हात वर केला.